खड्डा, तीन दिवे आणि डावं पुढचं चाक : प्रकल्प नोंदी

१४ जुलै २०२५, सोमवार

गाडी आमच्या गॅरेजमध्ये आली. कॉम्पॅक्ट एसयूव्ही, पेट्रोल, ड्राइव्ह पुढच्या चाकांना, पुढे डिस्क, मागे ड्रम, टायर २०५/६० आर १६. मुंबईत जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) साचलेल्या पाण्याखालच्या खड्ड्यात डावं पुढचं चाक आपटलं. वेग अंदाजे ४०. त्यानंतर सिग्नलला हळू थांबताना पेडल पायाखाली थरथरलं, आणि मग मीटरमध्ये तीन दिवे लागले ते लागलेच: पिवळा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा), घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा पिवळा ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), आणि लाल वर्तुळातलं उद्गारचिन्ह. वाटेतल्या एका गॅरेजमध्ये ‘सेन्सर गेलाय, बदलून टाका’ असं सांगितलं गेलंय. असेलही. पण पेडल थरथरल्याची ही बारीक गोष्ट फार कामाची आहे, ती आधी लिहून ठेवली. सेन्सर किंवा वायर पूर्ण तुटली की एबीएस गप्प बसतो, थरथर होत नाही. थरथर झाली म्हणजे सिग्नल येत होता, पण खोटा. एक चाक अचानक अडल्याचा भास कंट्रोलरला झाला आणि त्याने ब्रेक सोडला-धरला. मग बाकीच्या तीन चाकांशी मेळ बसेना, तेव्हा त्याने दुकान बंद केलं.

सगळ्यात आधी लाल दिवा बघितला, कारण गाडी चालवायची की उचलून न्यायची ते त्यावर ठरतं. तो तीन कारणांनी लागतो: हँडब्रेकचा स्विच, ब्रेक ऑइलची पातळी, किंवा ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा दाब वाटणारी यंत्रणा) बंद. हँडब्रेक पूर्ण खाली. ऑइल मिन आणि मॅक्सच्या मध्ये. इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरलं, खाली सरकत नाही. डाव्या कॅलिपरचा (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) होज, तो जोडणारा बँजो बोल्ट, रिमची आतली बाजू, सगळं कोरडं. उरलं ईबीडी. एबीएस आणि लाल दिवा जोडीने लागले, ऑइल पुरेसं आहे आणि पेडल कडक आहे, तर बहुतेक वेळा अर्थ एकच: मागच्या चाकांचा ब्रेक-दाब आवरणारं कोणी राहिलेलं नाही. साधा ब्रेक लागतो. पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर मागची चाकं आधी अडकून गाडीची शेपटी फिरू शकते. अशी गाडी पावसात हायवेवर घालू नये. गॅरेजपर्यंत हळू आणायला हरकत नाही. पेडल मऊ असेल किंवा तळाला जात असेल तर तेवढंही नको, सरळ फ्लॅटबेड.

बॅटरी बंद इंजिनवर १२.५ व्होल्ट, चालू इंजिनवर १४.१. हे बघून ठेवायचं, कारण व्होल्टेज पडलं तरीही हेच दिवे एकत्र लागतात.

स्कॅनर लावला. बाजारातली स्वस्त ईएलएम ३२७ जातीची ब्लूटूथ डबी आणि फुकट अॅप बहुतेक वेळा फक्त इंजिनचे ‘पी’ कोड दाखवतं. एबीएसचे ‘सी’ कोड वाचायला त्या गाडीचा एबीएस मॉड्यूल उघडणारं स्कॅनर हवं. एबीएसमध्ये सी००३५, डावं पुढचं चाक, वेगाचा सिग्नल. इंजिन आणि एअरबॅग स्वच्छ. कोड पुसला नाही. कोड आधी पुसून मग विचार करण्याची पद्धत आहे, तिने पुरावा जातो: नोंदवलेला वेग, व्होल्टेज, किती वेळा घडलं, सगळं. फ्रीज फ्रेममध्ये (कोड लागला त्या क्षणाची नोंद) वेग ताशी ११ किमी.

सी००३५ चा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा नाही. त्या कोपऱ्यातून येणारा वेग पटत नाही, इतकंच तो सांगतो. त्या कोपऱ्यात सेन्सर आहे, वायर आहे, कनेक्टर आहे, बेअरिंगमधली चुंबकी रिंग आहे, आणि हे सगळं जागेवर धरणारं लोखंड आहे.

विमा कंपनीला कळवलं. काहीही उघडण्याआधी चाकाचे, रिमचे, मीटरचे फोटो काढले.

१५ जुलै, मंगळवार

दोन्ही पुढची चाकं वर, खाली घोड्या (आधाराचे स्टँड), गिअर न्यूट्रल.

रिमची आतली कड वाकलेली. डायल गेज लावला तर २.५ मिमी हलते. अलॉयला १ मिमीच्या वर आम्ही ठेवत नाही. टायरच्या आतल्या बाजूला अंड्याएवढा फुगा, म्हणजे आतले धागे तुटलेत. त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, टायर बाद. बाहेरून उभं राहून बघितलं तर दोन्ही गोष्टी दिसत नाहीत. खड्ड्यानंतर मोबाईलचा टॉर्च घेऊन चाकाच्या मागे वाकून बघावं ते यासाठी.

ढिलाई: वर-खाली धरून हलवलं तर डाव्या चाकात बारीक खेळ आहे. कोणीतरी ब्रेक दाबून धरला की तो नाहीसा होतो, म्हणजे बॉल जॉइंट नाही, बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवलं, टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक) घट्ट. कॉइल स्प्रिंगवर हात ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवलं की स्प्रिंगमधून खरखर जाणवते. उजव्या बाजूला काही नाही. कानापेक्षा हा हात जास्त खरा.

मग टेप. गाडी खाली घेऊन स्टिअरिंग सरळ ठेवलं, पुढच्या हबच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजू मोजल्या. डावी बाजू ८ मिमी कमी. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) मागे ढकलली गेलीय. नुसत्या डोळ्यांनी आर्म सरळच दिसते.

आता विजेचं. हा सेन्सर दोन वायरचा आहे, पण जुन्या, तारेच्या गुंडाळीच्या जातीचा नाही. बाहेरून वीज घेऊन चालणारा आहे. जुन्या जातीला मल्टीमीटरने ओहम मोजतात, साधारण एक-दोन हजार ओहम येतात आणि चाक फिरवलं की एसी मिलिव्होल्ट मिळतात. या जातीला ओहम मोजून काही कळत नाही, उलट मीटरच्या व्होल्टेजने आतली चिप जाऊ शकते. हा सेन्सर ७ आणि १४ मिलिअँपिअर असे दोनच करंट घेतो, रिंगचा एकेक ध्रुव समोरून गेला की उडी मारतो. मडगार्डच्या लायनरमागचा कनेक्टर सोडला. वेगळी १२ व्होल्टची बॅटरी, सेन्सर आणि १०० ओहमचा रेझिस्टर एका माळेत जोडले; पोलॅरिटी वायरिंग डायग्रामवरून खात्री करून. लॅमिंग्टन रोडला हे रेझिस्टर चिल्लरमध्ये मिळतात, पाव वॅटचा पुरतो. रेझिस्टरच्या दोन टोकांना मीटर: ०.७ व्होल्ट, चाक जरा सरकवलं की १.४, परत ०.७. म्हणजे सेन्सर जिवंत आहे. कनेक्टरच्या पिना पिवळ्या, हिरवा गंज नाही. स्ट्रटवरची (स्प्रिंग आणि शॉकअपचा खांब) वायरची क्लिप तुटलेली, पण वायर ओढून, पिळून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितली तरी आकडा ढळत नाही. मुंबईतल्या पावसाळ्यात या तपासात निम्म्या गाड्या इथेच सापडतात: क्लिप तुटते, वायर टायरला घासते किंवा पूर्ण वळणावर ताणली जाते आणि आवरणाच्या आत तुटते, वरून अगदी नवी दिसते. ही गाडी त्यातली नाही.

मग ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) लावून चाक हाताने सावकाश फिरवलं. या रिंगमध्ये ध्रुवांच्या ४८ जोड्या, म्हणजे एका फेरीत ४८ टप्पे, दर ७.५ अंशाला एक. टप्पे एकसारखे येतात, येतात, आणि एका जागी चारेक गायब. पुन्हा फिरवलं, त्याच जागी पुन्हा गायब. टायरवर खडूने खूण केली. दर फेरीला खूण त्याच कोनात आली की टप्पे बुडतात. सेन्सर किंवा वायरचा दोष चाकाच्या एका ठरावीक कोनाला धरून राहत नाही. रिंग गेली.

स्कोप नसेल तर हेच स्कॅनरच्या लाइव्ह डेटावर बघता येतं, पण वेग कमी हवा. या टायरचा घेर सुमारे २.०५ मीटर. ताशी २० ला चाक सेकंदाला पावणेतीन फेऱ्या मारतं. तेवढ्या वेगाने बरीच स्कॅनर आकडा बदलतच नाहीत, खळगा दिसायचा राहून जातो. ताशी ५ ला दीड सेकंदाला एक फेरी, तिथे डाव्या पुढच्या चाकाचा आकडा लयीत पडताना दिसतो.

सेन्सर काढला. बोल्ट एम६ चा, निघाला. सेन्सर मात्र नकलमध्ये (बेअरिंग आणि हब धरणारा लोखंडी भाग) गंजाने धरलेला. गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास सोडला, मग डावी-उजवीकडे पिळत वर. पेचकस घालून उचकटला की डोकं तुटतं आणि टोक भोकात राहतं. ‘डावा-उजवा अदलून बघू’ हा सल्ला म्हणूनच जुन्या गाडीवर महाग पडतो. टोकावर ताजा ओरखडा. भोकातून टॉर्च मारून हब फिरवला, रिंगवर त्याच रुंदीची खरवड. आपटल्याच्या क्षणी बेअरिंग कलंडलं, अंतर संपलं आणि रिंग टोकाला घासली. मधलं अंतर एरवी जेमतेम एक मिलिमीटर असतं.

१६ जुलै, बुधवार

विम्याचे सर्व्हेयर येऊन गेले, त्यानंतरच खोललं. बेअरिंग एकट्याने दाखवलं की ‘झिजेचा भाग’ म्हणून नाकारलं जाण्याची शक्यता असते. वाकलेली रिम, सरकलेली आर्म आणि खरवडलेली रिंग एकत्र दाखवली की आपटल्याचं सिद्ध होतं. टायरबद्दल नेहमीची अट: गाडीलाही इजा झाली असेल तरच टायर, आणि तोही निम्म्या किमतीपर्यंत. जुने भाग क्लेम मिटेपर्यंत टाकायचे नाहीत.

हबचा नट गाडी चाकांवर उभी असताना सैल केला. कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगला. होजवर लोंबकळत ठेवायचा नाही. ब्रेकची लाइन कुठेही उघडलेली नाही, त्यामुळे ब्लीडिंगचा (लाइनमधली हवा काढण्याचा) प्रश्न नाही. होज बदलावा लागला असता तर सीलबंद बाटलीतलं डॉट ४. ते हवेतली ओल शोषतं आणि उकळबिंदू नव्या ऑइलच्या किमान २३० अंशांवरून ओल्या ऑइलच्या किमान १५५ पर्यंत उतरतो. जुलैत मुंबईत उघडी राहिलेली अर्धी बाटली कामाची नाही. आणि हवा एबीएसच्या ब्लॉकमध्ये शिरली तर साधं ब्लीडिंग पुरत नाही, स्कॅनरमधून पंप चालवून काढावी लागते.

स्ट्रटचे बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागा रंगाने आखल्या, कॅम्बर (चाकाचा उभा कल) तिथेच परत यावा म्हणून. नकल बाहेर, प्रेसवर हब काढला. आतली रेस (बेअरिंगची कडी) हबवर राहिली, तशी राहतेच. ग्राइंडरने तिरका काप देऊन छिन्नीने फोडली, हबला ग्राइंडरची चकती लागू न देता. रेसवर गोळ्यांचे ठसे ओळीने उमटलेले. हे ठसे असलेलं बेअरिंग काही दिवस गप्प चालतं आणि मग घोंघावायला लागतं. डाव्या बेअरिंगचा आवाज उजवीकडे वळताना वाढतो, कारण भार डाव्या चाकावर जातो.

१८ जुलै, शुक्रवार

भाग आले: एन्कोडरचं (म्हणजे चुंबकी रिंगचं) बेअरिंग, सर्क्लिप, हब नट, सेन्सर, लोअर आर्म, रिम, टायर. सेन्सर चालू होता तरी बदलला. टोकाचं प्लॅस्टिक खरवडलंय, पाणी शिरून दोन पावसाळ्यांत मरेल. पण नुसता तोच बदलला असता तर दिवे जसेच्या तसे राहिले असते.

बेअरिंग घेताना जपायचं. ऑपेरा हाऊसच्या गल्ल्यांत त्याच मापाचं, एन्कोडर नसलेलंही मिळतं. बसतं झकास, फिरतं झकास, आणि दिवा जात नाही. खोक्यावरच्या नंबरावर न जाता चुंबकी फिल्मचं कार्ड सीलवर ठेवायचं: एका बाजूला पट्टे-पट्टे उमटतात, ती एन्कोडरची बाजू. जुन्यावर कार्ड ठेवलं तर एका जागी पट्टे पुसलेले दिसले, स्कोपवर बुडत होते तेवढेच. कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारातली अख्खी नकल-हब स्वस्तात मिळते. आर्म, दरवाजे, दिवे ठीक, हे नको. ती गाडी कशाला धडकून तिथे आली ते कळत नाही, आणि उघड्या पडलेल्या रिंगवर लोखंडाचा चुरा जमलेला असतो. नव्या बेअरिंगजवळ चुंबकाचं बूड असलेला वर्कलाइट किंवा चुंबकी पिकअप आणायचा नाही, त्याने ध्रुव पुसले जाऊ शकतात.

बसवताना दोन जागी घोळ होतो. पहिला, बेअरिंग उलटं: एन्कोडर सेन्सरच्या बाजूला, म्हणजे गाडीच्या आतल्या बाजूला यायला हवा. उलटं बसलं की सिग्नल शून्य आणि पुन्हा पूर्ण खोलाई, कारण दाबून काढलेलं बेअरिंग परत वापरायचं नसतं. दुसरा, दाब चुकीच्या रेसवर: नकलमध्ये घालताना फक्त बाहेरच्या रेसवर, हब घालताना आतल्या रेसला खालून आधार. नाहीतर जोर गोळ्यांतून जातो आणि खड्ड्याने केलं तेच प्रेस करतो. हातोडी तर नाहीच. हबच्या तोंडाचा रनआउट (फिरतानाची डगमग) ०.०३ मिमी, चांगला.

आर्मच्या बुशचे (रबरी सांध्याचे) बोल्ट आधी फक्त हातघट्ट, गाडी चाकांवर उतरवून भार आल्यावर शेवटचे आवळले. लटकत्या स्थितीत आवळले की बुश पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हब नट नवा, मॅन्युअलच्या टॉर्कला, मग ठोकून लॉक. सेन्सरचा बोल्ट ९ न्यूटन मीटर. भोक आधी तारेच्या ब्रशने साफ, नाहीतर गंजाच्या थराने सेन्सर उंच बसतो आणि अंतर वाढतं. तुटलेली क्लिप नवी घातली. केबल टायने भागवत नाही; स्ट्रटबरोबर वायर फिरायला जागा लागते.

१९ जुलै, शनिवार

व्हीलबेस दोन्हीकडे सारखा. नवा टायर ८ मिमी नक्षीचा, उजव्यावर ६ मिमी उरलेली. त्रिज्येत फरक ०.६ टक्के, एवढं एबीएस सांभाळून घेतो. घाईत २०५/६५ चढवला असता तर व्यास ३ टक्क्यांनी वाढला असता आणि तेच चाक कायम हळू फिरतंय असं वाटलं असतं.

कोड पुसून गाडी बाहेर काढली. एबीएस आणि लाल दिवा गेला. ईएससी थोडं अंतर सरळ गेल्यावर परत लागला, कोड स्टिअरिंग कोनाचा. अपेक्षितच: अलाइनमेंट व्हायचीय. सरळ जाताना स्कॅनरवर स्टिअरिंग ९ अंश डावीकडे. या स्टिअरिंग रॅकचं गुणोत्तर १५ला १ धरलं तर चाकांशी ०.६ अंश. ईएससी स्टिअरिंगचा कोन आणि गाडी खरोखर किती वळतेय याची सतत तुलना करतो. चालक डावीकडे वळवतोय आणि गाडी सरळ चाललीय, असं त्याला दिसतं.

२१ जुलै, सोमवार

अलाइनमेंट: टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) टाय रॉडवरून, दोन्ही बाजूंनी सारखे फेरे. रस्त्याकडेच्या काही ठिकाणी स्टिअरिंग वाकडं दिसलं की स्टिअरिंगचंच चाक उपसून एक दाता फिरवून परत बसवतात. दिसायला सरळ होतं, आत कोन सेन्सर चुकीचाच राहतो. ईएससी असलेल्या गाडीवर हे करू दिलं तर दिवा त्या दुकानातूनच सोबत येतो.

मग सपाट फरशीवर, चाकं सरळ, दारं बंद, कोणी आत-बाहेर न करता, स्कॅनरने स्टिअरिंग कोनाचं शून्य शिकवलं. काही गाड्या टोकापासून टोकापर्यंत स्टिअरिंग फिरवून आणि थोडं सरळ चालवून स्वतः शिकतात, ही नाही. टायर प्रेशरचा दिवा हवेच्या व्हॉल्व्हमध्ये सेन्सर नसलेल्या जातीचा, चाकांच्या वेगावरच चालतो, म्हणून चारही चाकांत हवा भरून तोही रिसेट.

चाचणी. चावी फिरवली की तिन्ही दिवे काही सेकंद लागून विझतात. विझण्याइतकंच लागणंही बघायचं. जुनी गाडी घेताना जो दिवा चावीला लागतच नाही तो कोणीतरी मारून टाकलेला असतो. ताशी १५-२० ला पुढून हलकी ‘खर्र’ आली, ती एबीएसची स्वतःची तपासणी. लाइव्ह डेटावर सरळ जाताना चारही चाकं सारखी, गोल फिरताना बाहेरची चाकं जास्त, डाव्या पुढच्याचा आकडा कुठेही बुडत नाही. इंडस्ट्रियल इस्टेटच्या आवारात, मागे-पुढे कोणी नाही हे बघून, ३५ वरून दाबून ब्रेक: पेडल थरथरलं, गाडी सरळ थांबली. हळू थांबताना थरथर नाही. कोड शून्य.

गाडी दिली. चाकाचे नट १०० किमीनंतर पुन्हा आवळायला सांगितलं.

२ ऑगस्ट, शनिवार

परत तपासणी. कोड नाही, कोन सेन्सर सरळ जाताना ०.५ अंशाच्या आत, बेअरिंगमध्ये खेळ नाही, क्लिप जागेवर. उजव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशला भेग दिसतेय, ती या आपटण्याची नाही, वयाची. दिवाळीआधी बदलायची, तेव्हा पुन्हा अलाइनमेंट आणि पुन्हा स्टिअरिंगचं शून्य. क्लेम मंजूर, टायर निम्मा. जुनं बेअरिंग आणि सेन्सर गाडीमालकांनी नेले, रिम भंगारात.